बिबट्यासाठी एक भाव, सापासाठी दुसरा: घराभोवतीची जनावरं आणि दोन राज्यांचे कागद

बोरगाव, ता. सौसर : सावनेरहून छिंदवाड्याच्या रस्त्यानं निघालं की राज्याची हद्द कधी ओलांडली हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. इकडेही कापूस, मका, संत्र्याच्या बागा, तिकडेही तेच. बोली तीच, सोयरिकी दोन्हीकडे. रानडुकराला, बिबट्याला आणि सापाला तर पाटीही वाचता येत नाही. ते हद्द ओलांडतात, आपल्या घरामागे मुक्काम करतात. पण त्यांच्यामुळे कोणी जखमी झालं, कोणी गेलं, गोठ्यातली गाय मेली, तर मात्र आपल्याला हद्द फार स्पष्ट दिसते. अलीकडे तलाठी, पलीकडे पटवारी. अलीकडचा अर्ज मराठीत, पलीकडचा हिंदीत. रक्कमही वेगळी, आणि ती वेगळी असण्याची तऱ्हा तर भल्याभल्यांना चक्रावून टाकणारी.

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. सौसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा हा जिल्हा. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालये, आणि कोणता कागद कुठे द्यायचा याचा गोंधळही नवा. म्हणून तीन साध्या प्रश्नांची उत्तरं एकत्र मांडतो: जनावर घराशी येतं कशाला, त्याला हाकलायचं की राहू द्यायचं, आणि नुकसान झालं तर कोणाच्या दारात जायचं.

येतं कशाला? पोटासाठी

"जंगल संपलं म्हणून जनावर गावात आलं" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. त्यात काही खरं आहे, पण सगळं नाही. बरीच जनावरं गावात येतात ती गावात त्यांचं बरं चालतं म्हणून.

बिबट्याचंच घ्या. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव किंवा गावात राहणाऱ्या जनावरांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळीचा वाटा त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे मोकाट कुत्रे जिथे जास्त, तिथे बिबट्याचा डबा भरलेला. आणि मोकाट कुत्रे जास्त कुठे? जिथे कोंबडीच्या दुकानाचा कचरा, लग्नाच्या मंडपाचं उरलेलं अन्न आणि मेलेलं जनावर उघड्यावर टाकतात तिथे. बोरगावसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात ढाब्यांचा आणि मेसचा कचराही त्यात येतो.

रानडुकराचं गणित आणखी सोपं. दिवसा नाल्याकाठच्या घाणेरीत आणि बेशरमाच्या झुडपात लोळायचं, रात्री मक्यात शिरायचं. छिंदवाडा-सौसर पट्ट्यात मक्याचा पेरा मोठा, म्हणजे त्याला घरबसल्या जेवण. वानरांना बागा आहेत, देवळातले चणे-केळी आहेत. उदमांजराला माळ्यावर अंधार आणि परसात पिकलेली फळं हवीत. सापाला उंदीर हवेत, आणि उंदीर आपल्या धान्याच्या कोठीत, बंद पडलेल्या शेडमध्ये, इंधनाच्या ढिगात आपणच पोसतो.

सिवनी जिल्ह्यात पेंचलगतच्या पिपरिया गावात फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाच विहिरीत वाघ आणि रानडुक्कर सापडले. डुकरामागे धावताना वाघ पडला असावा, असं वन विभागाचं म्हणणं होतं. खाट सोडून, पिंजरा लावून दोघांनाही जिवंत बाहेर काढलं. व्हिडिओ देशभर फिरला, लोक हसले. पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे: डुक्कर गावाशी आलं की त्याच्यामागे वाघ-बिबट येतो, आणि कठडा नसलेली विहीर दोघांनाही गिळते. तीच विहीर उद्या आपल्या लेकराला गिळेल.

पकडून न्या, इतकं सोपं आहे का?

बिबट दिसला की पहिली मागणी असते पिंजऱ्याची. गावकऱ्यांची भीती खोटी नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांसह माणसं गेली, लोकांनी महामार्ग रोखला, आणि शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्याच्या घरातलं मूल गेलं त्याला सहजीवनाचं प्रवचन देण्यात काही अर्थ नाही. माणसावर हल्ले करणारं जनावर हटवलंच पाहिजे, कायद्यातही त्याची सोय आहे.

पण नुसतं दिसलेलं जनावर पकडून दुसरीकडे सोडणं ही वेगळी गोष्ट. त्याचा अनुभव महाराष्ट्रानं घेतला आहे. जुन्नर वन विभागात २००१ नंतर मोठ्या संख्येनं बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडून सोडण्याच्या काळात ते १७ वर गेले. हा हिशेब २०११ मध्ये संशोधनपत्रिकेत छापून आला. कारण समजायला अवघड नाही. ओळखीचा मुलूख सुटलेलं जनावर बिथरतं, परत यायला धडपडतं, वाटेत अनोळखी वस्त्यांत शिरतं. आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं नवखं जनावर येऊन बसतं. कचरा आणि कुत्रे तसेच असतील तर जागा रिकामी राहतच नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राचे वनमंत्री गणेश नाईक यांनी एक हिशेब मांडला: चार माणसं गेली तर सरकारला एक कोटी द्यावे लागतात, त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा. यावर टीका आणि थट्टा दोन्ही झाली. विचार असा आहे की जंगलात खायला मिळालं तर बिबट्या बाहेर येणार नाही. पण जो बिबट्या उसात जन्मला आणि गावच्या कुत्र्यावर वाढला त्याला जंगलातली शेळी कशी बोलावणार? पैसा घालायचाच तर कुत्र्यांच्या नसबंदीत, कचऱ्याच्या व्यवस्थेत आणि बंदिस्त गोठ्यांत घातलेला बरा.

वानरांचंही तसंच. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये उपद्रवी माकड पकडणाऱ्याला पहिल्या १० माकडांपर्यंत प्रत्येकी ६०० रुपये आणि त्यापुढे ३०० रुपये असा दर ठरवला. दर ठरला, पण पकडलेली माकडं सोडायची कुठे, हा प्रश्न राहिला. एका गावची टोळी दुसऱ्या गावाच्या वेशीवर उतरते, इतकंच. २०२२ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावाची बातमी आली होती, तिथे ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावे निघाली. आपल्या समाजाचं हे असं आहे: एका हातानं केळं द्यायचं, दुसऱ्या हातानं गोफण मारायची. हनुमानाला नमस्कार करा, पण वाटेवरच्या टोळीला चारू नका. चारलेलं वानर माणसाला भ्यायचं सोडतं, मग पोराच्या हातातली पिशवी ओढतं.

खरा धोका पायाखाली आहे

बातमी बिबट्याची होते, जीव सापानं जातो. आपल्याकडे घरात "जनावर निघालं" म्हटलं की साप असंच समजतात, ते उगाच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. जास्त मृत्यूंच्या राज्यांत मध्य प्रदेशचं नाव आहे. त्याआधी २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की सर्पदंशानं गेलेल्यांपैकी जेमतेम २३ टक्के लोक दवाखान्यात असताना गेले. बाकीचे घरी, वाटेत किंवा झाडफूक करणाऱ्याच्या ओसरीवर.

जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यातली मण्यार (हिंदीत करैत) घराशी सगळ्यात जास्त संबंध असलेली. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडकतो. "रात्री काहीतरी खाण्यात आलं असेल" म्हणून घरचे ओवा-लिंबू देत बसतात आणि तास निघून जातात. पावसाळ्यात पहाटे अशी लक्षणं दिसली तर चावल्याची खूण शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

घरात करायच्या गोष्टी कमी खर्चाच्या आहेत:

- जमिनीवर झोपू नका. खाट हवी, आणि गादीखाली कडा नीट खोचलेली मच्छरदाणी हवी. मण्यारीपासून सगळ्यात स्वस्त संरक्षण हेच.
- इंधन, कवेलू, विटा यांचा ढीग भिंतीला लागून ठेवू नका. गोवऱ्या काढताना आधी काठीनं हलवा.
- न्हाणीचं भोक, दाराखालची फट जाळीनं किंवा सिमेंटनं बुजवा.
- धान्य पत्र्याच्या कोठीत. उंदीर कमी, तर साप कमी.
- रात्री परसात जाताना टॉर्च आणि बूट. चप्पल पुरत नाही.

आणि चावलाच तर: माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात-पाय फळी लावून हलणार नाही असा बांधा, अंगठी-कडं-जोडवी काढा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा. दोरीनं आवळू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका. साप मारण्यात वेळ घालवू नका. चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, त्यामुळे साप ओळखल्याशिवाय उपचार होत नाहीत हा समज चुकीचा. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. कोकणात महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम केलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण भागातला डॉक्टरही हे जीव वाचवू शकतो हे त्यांच्या कामातून दिसलं.

आपल्या भागातली खरी अडचण रात्रीची आहे. घाबरलेलं घर गाडी करून थेट नागपूरचं मेडिकल गाठतं. तास-दीड तासाची ही वाट नागाच्या किंवा मण्यारीच्या दंशात फार लांब असते. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रतिसर्पविषाची सुरुवात, मग गरज असेल तर पुढे, हा क्रम हवा. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाची राष्ट्रीय कृती योजना आणली. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं तिचं उद्दिष्ट. सौसर-पांढुर्ण्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात रात्रीसुद्धा औषध आणि ते द्यायला माणूस आहे का, हे आपल्या सरपंचांनी आणि आमदारांनी पाऊस लागायच्या आधी विचारायला हवं.

कायदा एकच, समजुती अनेक

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, केंद्राचा, दोन्ही राज्यांना एकच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२३ पासून त्याच्या अनुसूची बदलल्या. बिबट आणि वाघ पहिल्या अनुसूचीत. त्यांना पकडायचं असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा आदेश लागतो. म्हणून "आजच पिंजरा लावा" म्हणत बीट गार्डला घेराव घालून उपयोग नसतो, त्याच्या हातात ते नाही. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, उभ्या पिकाला धोका असेल तर रीतसर परवानगी मिळू शकते. लाल तोंडाचं माकड अनुसूचीतून बाहेर पडलं आहे, काळ्या तोंडाच्या वानराला तो नियम लावू नका. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेनं जनावर मेलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

पण बांधाला करंट सोडणं हे जीव वाचवणं नव्हे. डुकरासाठी टाकलेल्या जिवंत तारेनं वाघ मेले, बिबटे मेले आणि शेजारचे शेतकरीही मेले. पहिल्या अनुसूचीतलं जनावर मेलं तर किमान ३ वर्षांची कैद, वर वीजचोरीचा गुन्हा, आणि माणूस गेला तर मनुष्यवधाचा. मक्याचे चार क्विंटल वाचवायला कोणी एवढी किंमत मोजू नये. बॅटरीवर चालणारं, झटका देऊन सोडणारं प्रमाणित सौर कुंपण वेगळं, थेट लाइनची तार वेगळी. हा फरक गावात मोठ्यानं सांगायची वेळ आली आहे.

आता हिशेब पैशाचा

इथे सीमा दिसायला लागते. महाराष्ट्रात वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर अशा ठरवून दिलेल्या वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात माणूस गेला तर २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये मिळतात. काही रक्कम लगेच, बाकी मुदत ठेवीत. मध्य प्रदेशात हा आकडा ८ लाख होता. बांधवगडच्या हत्ती प्रकरणानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी हत्तीच्या हल्ल्यातल्या मृत्यूसाठी तो २५ लाख करण्याची घोषणा केली. आपल्याकडे हत्ती नाहीत. म्हणून बिबट किंवा डुकराच्या प्रकरणात सध्या कोणता दर लागू आहे हे वन मंडळ कार्यालयातून लेखी घ्या, तोंडी आकड्यावर राहू नका.

सापाच्या बाबतीत मात्र गणित उलटं होतं. मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली सर्पदंशानं गेलेल्या माणसाच्या वारसांना ४ लाख मिळतात. तो शेतकरी असो, मजूर असो की कारखान्यातला कामगार. महाराष्ट्रात वन विभागाच्या भरपाईत साप नाही. तिथे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख मिळतात, पण शेतकरी कुटुंबालाच. म्हणजे हद्दीच्या दोन बाजूंना एकाच मजूर घराण्यातले दोन भाऊ राहत असतील आणि दोघांनाही मण्यार चावली, तर बोरगावच्या भावाच्या घरी ४ लाख येऊ शकतात आणि सावनेरकडच्या भूमिहीन भावाच्या घरी काहीच नाही. बिबट्यानं मारलं तर पारडं उलटं. माणूस तोच, दुःख तेच.

त्यात गैरव्यवहाराची भर. २०२५ मध्ये शेजारच्या सिवनी जिल्ह्यात केवलारी तहसिलीत सर्पदंशाच्या मदतीचा घोटाळा उघड झाला. त्याच त्या नावांवर पुन्हापुन्हा मृत्यू दाखवून ११ कोटींहून जास्त रक्कम उचलली गेली. चोरी कागदावरच्या सापांनी केली, पण तपासणी आता खऱ्या दंशाच्या कुटुंबाची कडक होणार. म्हणून कागद पक्के हवेत.

लक्षात ठेवायचं ते असं:

- मृत्यू झाला तर पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन झालंच पाहिजे. "कशाला चिरफाड" म्हणून अंत्यविधी उरकला, तर दावा तिथेच संपतो.
- माणूस नागपुरात गेला तर तिथलं ठाणं शून्य क्रमांकानं नोंद करून कागद मूळ ठाण्याकडे पाठवतं. ते बोरगाव भागाच्या ठाण्यात पोचले का, याचा पाठपुरावा घरच्यांनीच करायचा. दावा मात्र घटना जिथे घडली त्या राज्यात.
- गाय-बैल मारला गेला तर ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवा. मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, त्यावर औषध टाकू नका.
- पिकाचं नुकसान: महाराष्ट्रात अर्ज वन विभागाकडे, तोही तीन दिवसांत. मध्य प्रदेशात हे काम महसूलचं, म्हणजे पटवारी आणि तहसीलदार. पाहुण्याच्या सांगण्यावरून चुकीच्या कार्यालयात गेलात की दिवस वाया.
- फोन: महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६. मध्य प्रदेशात दाद लागली नाही तर १८१. फोनची वेळ लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा.

मागायचं काय?

नुकसानभरपाई वाढवा, ही मागणी सोपी आहे आणि योग्यही आहे. पण ती जीव गेल्यावरची गोष्ट. त्याआधीच्या चार गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, वन आणि महसूल विभागाच्या सूचना आणि अर्जाचे नमुने या भागात मराठीतही हवेत. घरात मराठी बोलणाऱ्या म्हातारीला "क्षतिपूर्ति" आणि "जनहानि प्रकरण" कळत नाही, आणि ती मध्यस्थाच्या हाती सापडते. दोन, ग्रामपंचायतीनं उघड्या विहिरींची यादी करून कठडे बांधावेत. तीन, औद्योगिक वसाहत आणि पंचायत मिळून कचऱ्याचा आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करावा. चार, साप पकडणाऱ्या पोरांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळावं. महाराष्ट्राचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी २०२५ मध्ये सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा केली. हद्दीच्या या बाजूलाही तेच साप आणि तसलेच हौशी पोरं आहेत, रीलसाठी फण्याशी खेळणारेही आहेत. त्यांना शिस्त लावायची तर आधी मान्यता द्यावी लागेल.

पेंचचं जंगल दोन राज्यांत वाटलेलं आहे, वाघ दोन्हीकडे फिरतात, आणि माणसं दवाखान्यासाठी हद्द ओलांडतात. मग सौसर आणि सावनेरच्या वन, महसूल, पोलीस आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी एकदा एका टेबलावर बसायला काय हरकत आहे? नागपुरात झालेल्या मृत्यूचे कागद किती दिवसांत परत येतील, इतकं जरी त्या बैठकीत ठरलं तरी पुष्कळ घरांचे हेलपाटे वाचतील.

तोवर आपलं काम आपण करू. आज संध्याकाळी भिंतीला लागलेला लाकडाचा ढीग हलवा, आणि घरातल्या खाटेवर मच्छरदाणी आहे का ते बघा.